ओटीपोटाचं जुनं दुखणं आणि ‘ताठ बस’चा सल्ला : या चुका टाळा

बाई आत आली की ती खुर्चीत कशी बसते, हे मी आधी बघते. रिपोर्टची फाइल नंतर. मध्यंतरी एक जण आली होती, चाळिशीतली, बँकेत काउंटरवर बसणारी. खुर्चीच्या कडेला टेकली, तेही डाव्या कुल्ल्यावर. उजवा पाय डाव्या पायाला वेलीसारखा गुंडाळलेला, पर्स पोटाशी घट्ट धरलेली. दीड वर्षं ओटीपोटात दुखतंय. सोनोग्राफी नॉर्मल, लघवीची तपासणी नॉर्मल. सासूबाईंपासून यूट्यूबपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच : "ताठ बस, पोट आत घे." तिने तो इमानेइतबारे पाळला आणि दुखणं वाढलं.

फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं मत सांगते. वाकडं बसण्यापेक्षा आवळून बसण्याने जास्त घोटाळा होतो.

दिवसभर पोट आत ओढून धरणं

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं तिच्या आधाराने राहतं. श्वास आत घेतला की छातीखालचा पडदा खाली सरकतो, पोट जरा पुढे येतं आणि ही झोळीही किंचित खाली येते. श्वास सोडला की वर जाते. पोट आवळून धरलं की हा झोका थांबतो. श्वास वरच्यावर छातीतच चालतो आणि झोळीचे स्नायू तासन्‌तास आखडलेले राहतात. आखडलेला स्नायू दुखतो, मग तो मानेचा असो की तळाचा.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये अशा जुन्या दुखण्याच्या बायकांचं उभं राहणं, बसणं, चालणं बारकाईने तपासलं होतं. त्यांना उथळ, छातीतला श्वास आणि ओटीपोटाभोवतीचे ताणलेले स्नायू दिसले. काही जणींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला चालणं, बसणं, श्वास घेणं नव्याने शिकवलं, तेव्हा त्यांचं दुखणं जास्त उतरलं. त्यांना कोणी ‘ताठ’ केलेलं नव्हतं. हालचाल मोकळी करायला शिकवलं होतं.

आपल्याकडे यात परकराच्या नाडीची भर पडते. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये, करकचून बांधलेल्या नाडीने कंबरेच्या कातडीला झालेल्या जखमांबद्दल लिहिलं होतं, ते अनेकींनी वाचलं असेल. माझा मुद्दा कातडीचा नाही, श्वासाचा आहे. नाडी उभ्याने बांधतो आणि बसल्यावर ती आणखी रुतते. बसलेलं असताना नाडीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. लेगिंगचं रुंद इलॅस्टिक आणि बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने न सोडलेला पोटपट्टा यांनाही हाच नियम.

दुखतंय म्हणून कीगल सुरू करणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. आर्नल्ड कीगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये तळाच्या या झोळीचे स्नायू आवळून सोडण्याचे हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी. सैल पडलेल्या स्नायूंना बळ द्यायचं होतं. तुमचे स्नायू आधीच आखडलेले असतील तर पुन्हा पुन्हा आकुंचन करणं म्हणजे पायात गोळा आलेला असताना पायऱ्या चढणं.

आखडलंय हे ओळखायचं कसं? लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागतो किंवा ती तुटक येते. शौचाला कुंथावं लागतं. संबंधांच्या वेळी किंवा डॉक्टर आतून तपासताना दुखतं, जळजळतं. कीगल केल्यावर त्या दिवशी ठणका वाढतो. यातलं काही जुळत असेल तर कीगल थांबवा आणि पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे या झोळीच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून स्नायू तपासून घ्या. लघवी गळते म्हणजे स्नायू सैलच असणार, असंही समजू नका. आखडलेले स्नायूही वेळेवर काम करत नाहीत. आतून तपासणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही. नको असेल तर नको म्हणा, बाहेरून पाहूनही बरंच कळतं. लग्न न झालेल्या मुली याच भीतीने वर्षानुवर्षं येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तोवर एवढं करा. पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर ठेवा. एक हात बेंबीखाली, दुसरा बरगड्यांच्या कडेला. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि खालचा हात आपोआप उचलला जाऊ द्या. त्याच वेळी लघवी सुटताना जसं सैल सोडतो तसं खाली सोडा, जोर लावू नका. श्वास सोडताना काहीही आवळायचं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पहिले काही दिवस ‘काहीच होत नाही’ असं वाटतं. बँकेतल्या बाईंना तर पोट पुढे आलेलं बघूनच लाज वाटली. शाळेपासून ते आत ओढायची सवय!

मऊ सोफा, पलंग आणि लॅपटॉप

पलंगावर टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करताना कंबर मागे घसरते आणि वजन बसण्याच्या दोन हाडांवरून सरकून माकडहाडावर येतं. तळहात कुल्ल्यांखाली घालून बघा, टोचतात ती दोन हाडं. वजन तिथे हवं. त्यासाठी महागडी खुर्ची लागत नाही. कडक बैठक, पाय टेकतील एवढी उंची, नाहीतर पायाखाली पाट. माकडहाडच दुखत असेल तर मधे भोक असलेल्या गोल उशीपेक्षा मागची कड कापलेली उशी बऱ्याच जणींना बरी पडते.

पण ‘योग्य’ बैठक सापडली म्हणून तिथेच तीन तास चिकटू नका. अर्ध्या तासाने उठा, दोन मिनिटं चाला. मांडी घालून, एक पाय वर घेऊन, रेलून, कसंही बसा, फक्त बदलत राहा. ओट्याशी उभं राहताना एक पाय पाटावर ठेवून अधूनमधून पाय बदलला की कंबर आखडत नाही.

संडासातल्या सवयी

सार्वजनिक संडासात कमोडला न टेकता अधांतरी लघवी करणं. किळस समजते, पण मांड्या आणि कुल्ले ताणलेले असताना तळाचे स्नायू नीट सैल होत नाहीत. कागद पसरा आणि बसा. घरात कमोड असेल तर शौचाला पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या. बद्धकोष्ठता तशीच ठेवून बाकी सगळे व्यायाम करणं फुकट आहे.

सगळं पोश्चरवर ढकलणं

आता माझ्याच धंद्याच्या विरोधात लिहिते. दहा सेशनचं पॅकेज घेऊन बसण्याची पद्धत सुधारत बसलेली, आणि मूळ आजार एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), अशा बायका मी पाहिल्या आहेत. जगभरात पाळीच्या वयातल्या साधारण दहापैकी एकीला तो असतो आणि साध्या सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही. म्हणजे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ हा शेवटचा शब्द नव्हे. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबीही विसरून चालत नाही. पाळीच्या तालावर वाढणारं दुखणं, संध्याकाळपर्यंत उभं राहून जड होणारं आणि आडवं झाल्यावर उतरणारं दुखणं, मूत्राशय भरताना वाढणारं दुखणं, या सगळ्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

काही बाबतीत थांबूच नका. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला अचानक तीव्र कळ आली, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव, लघवीत किंवा शौचातून रक्त, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव, कारणाशिवाय घटणारं वजन : त्वरित डॉक्टर. बसण्याच्या जागी बधिरपणा येऊन लघवी अडली तर थेट इमर्जन्सी विभाग.

पंधरा दिवसांत निकाल मागणं

जुनं दुखणं सरळ रेषेत कमी होत नाही. दोन ते तीन महिने द्या, पण आंधळेपणाने नको. वहीत रोज एक ओळ लिहा : दुखणं शून्य ते दहापैकी किती, पाळीचा कितवा दिवस, किती तास सलग बसले, शौचाला साफ झाली का. बँकेतल्या बाईंच्या वहीत सहाव्या आठवड्यात दिसलं की महिनाअखेरीला, कॅश जुळवायच्या दिवशी, आकडा सातवर जातो आणि बाकी दिवस तीन-चारवर राहतो. मग आम्ही त्या एका दिवसाचा विचार केला : स्टूल बदललं, चहाला उठायची वेळ ठरवली. आणि ते पान तिने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या टेबलावरही ठेवलं.