वक्तृत्व स्पर्धेला जाताय? आधी घड्याळ लावा

अकरावी-बारावीच्या ज्या मुलामुलींनी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलंय, त्यांच्यासाठी लिहिते आहे. ओळखपत्र, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं बोनाफाईड, पाण्याची बाटली आदल्या रात्रीच बॅगेत टाका. पुढे चला.

विषय हातात आला की लगेच पाठांतराला बसू नका. त्यात आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं काय सापडतं ते आधी शोधा. गेल्या वर्षी माझा विषय होता ‘शहर आणि नदी’. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरलं. आजी तेव्हा नऊ वर्षांची, नारायण पेठेत राहायची. पाणी ओसरल्यावर घरी आली तर धान्याचे डबे चिखलानं भरलेले. हे मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. ते बोलायचंच राहिलं, कारण मी एकदाही घड्याळ लावून सराव केला नव्हता.

तेव्हा एवढं तरी नीट वाचा. भाषण उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून म्हणायचं. गादीवर पडून मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही. मनात आपण श्वास घेत नाही, थांबत नाही, अडखळत नाही. माझी संहिता चौदाशे शब्दांची होती आणि मनात ती सात मिनिटांत संपायची. प्रत्यक्षात मी मिनिटाला सव्वाशे शब्द बोलते, हे स्पर्धा झाल्यावर मोजलं. म्हणजे सात मिनिटांत पावणेनऊशे. इशाऱ्याची घंटा झाली तेव्हा मी अजून पेशव्यांनी कात्रजहून शहरात आणलेल्या पाण्यावरच होते. दुसरी घंटा झाली, मी ‘धन्यवाद’ म्हटलं. आजी तिसऱ्या रांगेत बसली होती.

सात मिनिटं दिली असतील तर साडेसहात संपेल असं बसवा. रोज वेळ वहीत लिहा. पुन्हा सांगते, रोज. आणि भाषणातलं सगळ्यात मोलाचं इशाऱ्याच्या घंटेआधी येऊन जाऊ द्या, शेवटाच्या भरवशावर ठेवू नका.

सनावळ्या दोनदा तपासा. भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची. घाईत कुणी १८८४ म्हणतं, आणि परीक्षकांची मान तिथेच वर होते. न-ण आणि ल-ळ ज्यांचे घसरतात त्यांनी ते शब्द वेगळे काढून घोका. कवितेच्या चार ओळी पुरेत. बाराव्या ओळीपर्यंत तुमचं स्वतःचं म्हणणं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि वेळही त्यातच जातो. घड्याळ लावलंत की हे आपोआप कळतं.

स्पर्धेच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा. पेठांमध्ये असेल तर मेट्रोनं मंडईला उतरून चालत जा, रिक्षा लक्ष्मी रोडला अडकते. चिठ्ठीत पहिला क्रमांक आला तर घाबरू नका. माईक आपल्या उंचीला घ्या. उत्स्फूर्त फेरी असेल तर दोनच मुद्दे. कपडे साधे. घड्याळ हातात.

यंदाचं माझं भाषण सव्वासहा मिनिटांचं आहे. आजी दुसऱ्याच मिनिटाला येते.