क्लॅमिडियाचा जनुकीय प्रकार ओळखताना

क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा जंतू. त्याच्या तपासणीसाठी लघवीची पहिली धार घ्या, २० ते ३० मिली. त्याआधी तासभर लघवी केलेली नसावी. मधली धार चालत नाही, कारण मूत्रमार्गातल्या जंतूबाधित पेशी पहिल्या धारेतच धुऊन येतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा नमुना गाडीच्या डिकीत टाकून आणू नका. बर्फपिशव्यांच्या डब्यात २ ते ८ अंशांवर आणा.

प्रकार ठरतो जंतूच्या बाहेरच्या पटलातल्या मुख्य प्रथिनाच्या जनुकावरून, म्हणजे ओम्प-ए (ompA) वरून, आणि खरा घोळ इथेच होतो. निदानाची पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून पाहणारी चाचणी) बहुधा प्लाझ्मिड, म्हणजे जंतूतलं डीएनएचं छोटं सुटं वर्तुळ, शोधते. त्याच्या एकेका जंतूत अनेक प्रती असतात, ओम्प-एची मात्र एकच. म्हणून निदानात जेमतेम पॉझिटिव्ह आलेल्या नमुन्यात ओम्प-एची पट्टी जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) उमटतच नाही. मग नेस्टेड पीसीआर करावी लागते, म्हणजे पहिल्या फेरीत वाढलेल्या तुकड्याच्या आतल्या भागावर दुसरी फेरी. पहिल्या फेरीची नळी वेगळ्या खोलीतच उघडा आणि सोबत नुसत्या पाण्याची नळी लावा. तिच्यात पट्टी दिसली म्हणजे भेसळ झाली, सगळी फेरी बाद, हळहळायचं नाही.

वाढलेला तुकडा दोन्ही बाजूंनी सिक्वेन्स करा, म्हणजे त्यातल्या डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचा. त्याच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली तर मिश्र संसर्ग असेल, किंवा भेसळ. नव्याने डीएनए काढून पुन्हा पाहा. डी ते के हे जननमार्गाचे नेहमीचे प्रकार. एल१ ते एल३ (लसिकाग्रंथींपर्यंत पसरणारे प्रकार, एलजीव्ही) आल्यास डॉक्टरांना लगेच कळवा: तिथे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक ७ नव्हे, २१ दिवस द्यावं लागतं.