दुसऱ्या महायुद्धात ट्रेनिंग फ्लाइटमध्ये जीव गेलेल्या वैमानिकाची आठवण कशी जपायची

आधी सर्व्हिस नंबर, म्हणजे सैन्यातला त्याचा ओळख क्रमांक मिळवा, कारण एकाच आडनावाची डझनभर पोरं निघतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात गेलेल्यांच्या कबरी सांभाळणारी संस्था) साइटवर नाव टाकलं की नंबर, युनिट, तारीख आणि कबर कुठेय ते कळतं, बऱ्याचदा वय आणि आईवडलांची नावंही. पण गेला कसा ते सहसा नसतं, मग आपण धरून चालतो की लढताना गेला. तसं नसतं हो. ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफ) एकट्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या विभागाचे, ५५,५७३ गेले, त्यातले आठ हजारांवर सरावात नाहीतर अपघातात.

कारण शोधायचं तर आरएएफ म्युझियमकडे अपघाताचं कार्ड असतं, फॉर्म ११८०. विमान कुठलं, काय झालं, सगळं दोनचार ओळीत उरकलेलं, वाचून कसंतरीच होतं. स्क्वाड्रनची रोजची डायरी लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये असते.

आता महत्त्वाचं, टक्कर झाली असेल तर दुसरं विमानही शोधा, हे लोक हमखास विसरतात. वैमानिक आणि कवी जॉन गिलेस्पी मॅगीचंच बघा. बाप अमेरिकन, आई इंग्रज, जन्म शांघायचा आणि भरती कॅनडाच्या हवाई दलात. ११ डिसेंबर १९४१ ला लिंकनशरवर सराव करून ढगांच्या फटीतून खाली येताना त्याचं स्पिटफायर लढाऊ विमान एका ऑक्सफर्ड ट्रेनर विमानावर आदळलं, एका शेतकऱ्याने त्याला उडी मारताना पाह्यलं पण पॅराशूट उघडायला उंचीच उरली नव्हती. वय १९. त्याची 'हाय फ्लाइट' ही कविता जगभर गेली, स्कॉपविकच्या कबरीवरही तिच्याच ओळी आहेत. आणि त्या ऑक्सफर्ड विमानातला अर्नेस्ट ऑब्रे ग्रिफिन? तोही १९ चाच, तोही जागीच गेला, त्याचं नाव कोण घेतं?

पुण्यात असाल तर खडकीच्या वॉर सेमेटरीत जाऊन या, दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी आहेत, आरएएफवाल्यांच्या दगडावर पंख पसरलेला पक्षी दिसेल. सगळ्यात खालची ओळ नीट वाचा, ती बहुतेक वेळा घरच्यांनी दिलेली असते. अक्षरं पुसट असली तर खडू किंवा ब्रश घेऊन बसू नका प्लीज, दगड खराब होतो, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, आपोआप उठून दिसतात. आणि दहन झालेल्यांची सहसा कबर नसते, त्यांची नावं स्मारकांच्या यादीत बघा.

फोटोखाली नाव, वय, तारीख टाका, "शहीद" वगैरे सोडून सरळ "सरावात अपघात" लिहा, आणि टक्कर असेल तर दोन्ही नावं.