पाच महिन्यांची सॅक, आठ दिवसांचं सामान

द्राक्षाचा हंगाम एप्रिलात उरकला की आमच्या पॅकहाऊसला कुलूप लागतं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठी होणारी वेलींची छाटणी, सुरू व्हायच्या आत मला भावाच्या मळ्यात हजर व्हावंच लागतं. मधले पाच महिने माझे. त्यात मी दोनदा व्हिएतनाम-थायलंड आणि एकदा जॉर्जिया करून आले. हंगामभर दुसऱ्यांचे खोके भरून घेते, तरी स्वतःची सॅक भरायला शिकायला मला तीन खेपा लागल्या.

२०१८ साली पहिल्यांदा निघाले तेव्हा ६५ लिटरची सॅक घेतली. सॅक मोठी असली की ती भरतेच. वजन गेलं १७ किलोवर. चियांग मायला एका गेस्टहाऊसमध्ये दोन जीन्स, जाड टॉवेल आणि एक इस्त्री (हो, इस्त्री) ठेवून पुढे गेले. आता सॅक ४० लिटरची आहे आणि भरून नऊ किलोच्या आत असते.

सॅक घेताना लिटर नंतर बघा, आधी पाठ मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत कुणालातरी टेप धरायला सांगा. हे माप उंचीवरून कळत नाही. माझा भाऊ माझ्यापेक्षा चार इंच उंच, पण पाठ दोघांची सारखीच. रिकामी सॅक लावून दुकानातल्या आरशात बघण्यात अर्थ नाही, सात-आठ किलो आत घालून मागा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान. बहुतेक भार कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा. खांद्यांचं काम सॅक मागे कलू न देणं, एवढंच.

आता सामान. पाच महिन्यांचं भरायचंच नाही, आठ दिवसांचं भरायचं आणि धूत राहायचं. तीन टी-शर्ट, एक पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन पँट, एक हलकं गरम जाकीट, रेनकोट, आतले कपडे पाच. जीन्स नकोच. ओली झाली की दोन दिवस वाळत नाही आणि ओझं मात्र रोजचं. टॉवेलऐवजी पंचा घ्या. महागडा मायक्रोफायबर मी वापरून पाहिलाय, तो अंगावरून नुसता सरकतो. पंचा अंग नीट पुसतो आणि खिडकीत टाकला की वाळतो. एक मोठी ओढणी हवीच. जॉर्जियात चर्चमध्ये बायकांना डोकं झाकावं लागतं, आणि एरवी डॉर्मिटरीत खालचा पलंग मिळाला की तिचा पडदा होतो. आजीच्या जुन्या नऊवारीची मी झोपायची खोळ शिवून घेतली आहे. चादरीचा भरवसा वाटला नाही की तीत शिरायचं.

भरायची रीत अशी. तळाला हलकं आणि रात्रीच लागणारं: खोळ, जाकीट. जड वस्तू मध्यावर आणि पाठीला चिकटून: चार्जर, औषधांचा डबा, प्रसाधनाची पिशवी. जड वस्तू बाहेरच्या अंगाला गेली तर सॅक मागे ओढते, आपण पुढे वाकतो आणि संध्याकाळी खांदे बोलायला लागतात. कपडे गुंडाळी करून फटींमध्ये. रेनकोट सगळ्यात वर, कारण पाऊस विचारून येत नाही. बाहेरून रेनकव्हर असलं तरी पाठीकडून पाणी झिरपतंच, म्हणून आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सगळं भरा. गुंडाळ्या बांधायला सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून आणल्या आहेत. चार वर्षांत एकही तुटली नाही.

विमानात पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या पिशवीतच ठेवायची, तीही १०० वॉट-अवरपर्यंत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे चालते. हातातल्या सामानातल्या पातळ वस्तूंची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नको. सॅक चेक-इन करणार असाल तर लोंबणारे पट्टे आत खोचा, नाहीतर ते यंत्राच्या पट्ट्यात अडकतात. मी अख्खी सॅक पांढऱ्या पोत्यात घालून तोंड शिवते. काउंटरवरची मुलगी हसते, हसू दे.

खाऊचा मुद्दा नाजूक आहे, कारण त्यात आई असते. जॉर्जियाला निघायच्या आदल्या रात्री सॅकमध्ये डिंकाच्या लाडवांचा डबा सापडला. माझं विमान दुबईवरून होतं आणि लाडवात खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापुरातही. शिवाय सुकं खोबरं विमानवाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत येतं, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "इतकी वर्षं डब्यात ठेवतेय, एकदा तरी पेटलं का गं?" मग तिनेच हिशेब केला: अनारसे गेले, लसणाची चटणी गेली, खोबऱ्याचे काप असलेला चिवडाही गेला. उरलं मेतकूट. वजनाला हलकं, आणि व्हिएतनाममध्ये भात कुठेही मिळतो. बंद पाकिटात न्या आणि ज्या देशात खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात तिथे जाहीर करा.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलची वेदनाशामक गोळी आखातातून जाताना परवानगीशिवाय जवळ नको.

पैशांसाठी शिंप्याकडून पँटला आतून चोरखिसा लावून घ्या. दोन कार्डं दोन ठिकाणी. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरेल असं बघा. आणि आपलं सिम बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, तेव्हा निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्या. हे मी विसरले होते. हनोईत खात्यात पैसे असून तीन दिवस मैत्रिणीच्या उधारीवर जेवले.

निघायच्या आठवडाभर आधी भरलेली सॅक घेऊन नाशिकजवळचा रामशेज किल्ला चढा. पेठ रस्त्याने आशेवाडीपर्यंत जायचं, पुढे पायवाट. किल्ला अवघड नाही, म्हणूनच चांगला. दमलात तर दोष किल्ल्याचा नाही. आधी कमरेचा पट्टा आवळा, मग खांद्यांचे, मग छातीचा. वर पोचल्यावर सॅक उघडा आणि एकेक वस्तू हातात घेऊन ठरवा. मागच्या खेपेला तिथून उतरले तेव्हा छत्री, दुसरी चप्पल आणि दोन पुस्तकं वेगळ्या पिशवीत होती. छत्री भावाने मळ्यात नेली, ती अजून तिथेच आहे.