ऑब्लिव्हियनची सुरुवातीची कोठडी पुन्हापुन्हा खेळावी लागते, त्यावरचा उपाय

२००६ च्या 'ऑब्लिव्हियन' या संगणकावरील खेळात नवे पात्र घेतले की कोठडी, भुयारे आणि सम्राटाची हत्या हा सारा प्रवास पुन्हा करावा लागतो. पाचव्या वेळी तर खेळच सोडून द्यावासा वाटला.

संवाद भराभर पुढे ढकलून फारसा वेळ वाचला नाही, आणि क्विकसेव्हवर (एका कळीने होणाऱ्या झटपट सेव्हवर) विसंबलो तर पुढच्या क्विकसेव्हने ते पुसले गेले.

शेवटी उपयोगी पडले ते असे. गटारातून बाहेर नेणाऱ्या शेवटच्या जाळीच्या दारापर्यंत यावे, पण त्याला हात लावण्याआधी मेनूतून स्वतंत्र, नवे सेव्ह करावे. मग डॉक्युमेंट्समधील 'माय गेम्स', त्यात 'ऑब्लिव्हियन' आणि त्यात 'सेव्ह्ज' या फोल्डरातून त्या फाइलची प्रत दुसरीकडे जपून ठेवावी. नवे पात्र हवे असेल तेव्हा तेच सेव्ह उघडून दार उघडावे. पात्राचा वंश, जन्मचिन्ह (राशीसारखे) आणि वर्ग (योद्धा, जादूगार वगैरे) बदलायचे आहेत का, असे खेळ स्वतःच विचारतो, आणि वंशाच्याच पडद्यावर नाव व चेहराही बदलता येतो. झोळीतील वस्तू मात्र जुन्याच राहतात, म्हणून भुयारातील उपयोगी सामान आधीच गोळा करून मगच ते सेव्ह करावे.