फ्युचर्समध्ये डे-ट्रेडिंग करताय? स्टॉपलॉसला हात लावू नका
नवीन लोक चार्ट दाखवून विचारतात, "एन्ट्री कुठे चुकली?" बहुतेक वेळा एन्ट्री ठीकच असते. घोळ होतो तो त्यानंतर, स्टॉपलॉस (ठरवलेल्या तोट्याला सौद्यातून आपोआप बाहेर काढणारी ऑर्डर) हलवताना.

माझंच सांगतो. ई-मिनी एसअँडपी ५०० चा, म्हणजे अमेरिकन शेअर निर्देशांकावरच्या फ्युचर्स कराराचा, एक लॉट घेतला होता. यात एका पॉइंटला ५० डॉलर. स्टॉपलॉस ६ पॉइंट खाली, म्हणजे जाऊन जाऊन ३०० डॉलर गेले असते. भाव ५ पॉइंट पडला आणि "इथून उसळेल" म्हणत मी स्टॉपलॉस काढून टाकला. १२ पॉइंट खाली आणखी एक लॉट घेऊन ॲव्हरेज केलं, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणला. ३१ पॉइंटांवर धीर सुटला. पहिल्या लॉटचे ३१, दुसऱ्याचे १९, मिळून ५० पॉइंट. २,५०० डॉलर गेले.

आणि या नुकसानीचं मूळ आदल्या आठवड्यात होतं. तेव्हाही स्टॉपलॉस काढला होता, भाव परत आला आणि नफा झाला. त्या नफ्याने मला बिघडवलं. तेव्हापासून माझ्या वहीत "नियम पाळला का?" असा वेगळा रकाना आहे, आणि नियम मोडून आलेला नफा मी लाल शाईने लिहितो.

आता मी ब्रॅकेट ऑर्डरच टाकतो, म्हणजे एन्ट्रीसोबतच स्टॉपलॉस आणि टार्गेट लागतं. नंतर स्टॉपलॉस सरकवायचा तो फक्त नफ्याच्या बाजूला. मोठ्या बातमीच्या वेळी मात्र स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला सुटेलच असं नाही, म्हणून तेव्हा पोझिशनच (चालू सौदाच) नको.

दुसरी चूक, तोटा लगेच भरून काढायची घाई. २० टक्के भांडवल गेलं तर मूळ पदावर यायला २५ टक्के कमवावे लागतात. ५० टक्के गेलं तर १०० टक्के. घाईत लॉट वाढवणारा हे गणित आणखी अवघड करतो. सलग दोन स्टॉपलॉस उडाले की मी स्क्रीन बंद करतो, समोर कितीही चांगला सेटअप (एन्ट्रीची ठरवलेली स्थिती) दिसो.

कंटाळा आला म्हणून ट्रेड घेऊ नका. सेटअप नसलेला दिवस कोरा जाऊ द्या.

इंट्राडे मार्जिन (त्याच दिवशी संपणाऱ्या सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची रक्कम) कमी लागतं म्हणून जास्त लॉट घेणं हा मला सर्वात घातक शॉर्टकट वाटतो. मार्जिन कमी झालं तरी एका पॉइंटचा तोटा तेवढाच राहतो. शिकायचंच असेल तर मायक्रो ई-मिनी घ्या, तिथे पॉइंटला ५ डॉलर. "यात काय मिळणार?" असं विचारणाऱ्यांना ब्राझीलमधला अभ्यास सांगतो: तिथे ३०० हून अधिक दिवस फ्युचर्समध्ये डे-ट्रेडिंग करणाऱ्यांपैकी ९७ टक्के तोट्यात गेले. नवीन लोकांची पहिले सहा महिने मी फक्त वही तपासतो, कमाई विचारतच नाही.