वजन कमी करायचंय, फळं खायचीत? आधी पोह्यावरच्या शेवेकडे बघा

इंदूरला राहून वजन कमी करणं काय असतं ते इंदूरवाल्यालाच कळतं. सकाळी पोहे-जलेबी, संध्याकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चक्कर, आणि बाहेरगावचे पाहुणे आले की रात्री दहानंतर सराफ्यातला खाऊबाजार, त्याशिवाय पाहुण्यांना इंदूर दाखवलं असं होतच नाही. दोन वर्षांपूर्वी मी ९१ किलोवर होतो, आता ७९ वर आहे, आणि या काळात फळं भरपूर खाल्ली, पण आधी दोनदा चुकीची खाल्ली, म्हणून म्हटलं लिहून काढावं, कोणाचा तरी वेळ वाचेल.

पहिली चूक म्हणजे आठ दिवस फक्त फळं. कोणीतरी सांगितलं आणि मी सुरू केलं, सकाळी पपई, दुपारी चार केळी, रात्री अर्धं टरबूज (हो, आम्ही कलिंगडाला टरबूजच म्हणतो). पाचव्या दिवशी काट्यावर अडीच किलो कमी! आमच्या अख्ख्या राजेंद्र नगर वस्तीला सांगून झालं माझं. नवव्या दिवशी रात्री सराफ्यात भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाच्या दोन प्लेट आणि वर जलेबा, म्हणजे भली मोठी जलेबी, आणि दहा दिवसांत ते अडीच किलो परत जागच्या जागी. कारण साधं आहे, पहिल्या आठवड्यात जे उतरतं त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो, चरबी एवढ्या लवकर जात नाही. शिवाय फळात प्रोटीन जवळजवळ नसतंच, त्यामुळे नुसत्या फळांवर राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजायला लागतात आणि भूक तर अशी लागते की विचारू नका. डाळ, दही, पनीर, अंडी, जे खात असाल ते सोडायचं नाही.

दुसरी चूक उलटी. जेवण तेवढंच ठेवलं, नाश्ता तेवढाच, आणि फळं हेल्दी असतात म्हणून रात्री टीव्हीसमोर एक मोठा बाउल. दोन केळी, एक सफरचंद, वाटीभर द्राक्षं. हिशोब केला तर साडेतीनशेच्या वर कॅलरी, म्हणजे साडेतीन-चार पोळ्या जास्तीच्या जेवल्यासारखं, आणि महिन्याभरात किलोभर वाढलो वर. तेव्हा डोक्यात शिरलं की फळ ‘वरून’ खायचं नसतं, कशाच्या तरी ‘ऐवजी’ खायचं असतं. कशाच्या ऐवजी ते आपलं आपण शोधायचं.

माझ्याकडे शोधायला लांब जावं लागलं नाही, शेव निघाली. पोह्यावर मूठभर, डाळभातावर मूठभर, काहीच नसेल तर डब्यात हात घालून मूठभर. ३० ग्रॅम शेव म्हणजे साधारण १६० कॅलरी, आणि पोटाला पत्ताही लागत नाही. त्याच्या जागी एक मध्यम जाम, म्हणजे पेरू, खाल्ला तर १०० च्या आसपास कॅलरी आणि दीड-दोन तास तोंड बंद. पोहे मी सोडले नाहीत, ते शक्यही नाही, फक्त अर्धी प्लेट, कांदा-लिंबू-कोथिंबीर भरपूर, शेव नाही, जलेबी रविवारी एकच, आणि शेजारी कापलेला जाम.

पेरूला आम्ही जामच म्हणतो हो. माझी पुण्याची मावसबहीण आली होती, तिला म्हटलं जाम घे, तर ती ब्रेड शोधायला लागली. पण वजनासाठी माझ्या मते हाच राजा आहे. १०० ग्रॅममध्ये फायबर पाच ग्रॅमच्या वर, केळ्यात त्याच्या निम्मं, आणि सी व्हिटॅमिन संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. पिवळा मऊ झालेला घेऊ नका, हिरव्यावरून पिवळट व्हायला लागलेला, बोटाने दाबला तर जरासा दबणारा घ्या, सालीसकट खायचा, चार फोडी करायच्या, प्रत्येकीवर चिमूटभर जीरावन, म्हणजे आमचा पोह्यावर भुरभुरायचा मसाला. चिमूट म्हणजे चिमूटच, त्यात मीठ असतं, पाव चमचा टाकला की खाऊन झाल्यावर लगेच दुसरं काहीतरी चटपटीत हवं वाटतं, हा माझा अनुभव. बिया चावत बसू नका, गिळा. चावायला वेळ लागतो हाच याचा मोठा गुण, दहा मिनिटं जातात एका जामात, आणि पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतोच.

चावण्यावरून आठवलं, ज्यूस. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर ज्यूसवाला आहे आणि मॉर्निंग वॉकवाले निम्मे लोक तिथेच थांबतात, मीही थांबायचो. एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात. सोलून खायला बसलात तर दोन खाऊन थांबाल, ग्लास मात्र दोन मिनिटांत रिकामा, वर ‘भैया, थोडी शक्कर’. चोथा राहिला गाळणीत, साखर आली पोटात. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत २००९ साली एक प्रयोग झाला होता, त्याच लोकांना जेवणाआधी एकदा अख्खं सफरचंद, एकदा त्याची प्युरी, एकदा ज्यूस, एकदा काहीच नाही, आणि सफरचंद, प्युरी, ज्यूस यांच्या कॅलरी सारख्याच. अख्खं सफरचंद खाल्लं त्या दिवशी पुढे जेवले सगळ्यात कमी, सफरचंदाच्या कॅलरी धरूनही काहीच न खाता जेवायला बसले त्या दिवसापेक्षा साधारण १५ टक्के कमी. तर जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं एखादं फळ खाऊन बघा, पण मग खरंच एक पोळी कमी घ्यायची, नाहीतर परत माझी दुसरी चूक. आणि केळ्याचा शेक, चिकूचा शेक, वर आइस्क्रीमचा गोळा, त्याला फळ म्हणू नका, ती मिठाई आहे.

किती खायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम आहेत. लोक हे उलटं करतात, भाजी दोन चमचे आणि फळं परातभर. मी स्वतः २०० ते २५० ग्रॅम खातो, कारण शेव, बिस्किटं आणि संध्याकाळची कचोरी काढून तेवढी जागा केलीये. एकदा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन करून बघाच, डोळे उघडतात. आमच्या घरातल्या मोठ्या वाटीत पपईच्या फोडी दीडशे ग्रॅम मावतात, म्हणजे ६५ कॅलरी. तीच वाटी सीताफळाच्या गराने भरली तर १५० च्या आसपास. वाटी तीच, हिशोब दुप्पट. महिनाभर मोजलं की नजर बसते, मग काटा माळ्यावर.

ढोबळ मानाने टरबूज, खरबूज, पपई, संत्री, मोसंबी यात पाणी जास्त, कॅलरी कमी, पोट भरून खा. सफरचंद, जाम, नाशपाती मधले. केळी, चिकू, सीताफळ, द्राक्षं, आंबा यांना मोजून. मोजून म्हणजे बंद नाही! केळ्यांचं बुऱ्हाणपूर एवढ्या जवळ आणि केळं खायचं नाही हा काय न्याय झाला. वॉकहून आल्यावर एक केळं, ९०-१०० कॅलरी, त्या दिवशी नाश्त्याची बिस्किटं बाद, झालं. मांडूकडची सीताफळं टोपल्यांतून यायला लागली की मी एक दिवसाआड एक मध्यम आकाराचं खातो आणि त्या दिवशी दुसरं गोड नाही.

आंब्याचं बोलू कारण सगळे तिथेच घसरतात. दोष आंब्याचा कमी आणि आमरस-पुरीचा जास्त, रसात साखर, दूध, बरोबर आठ-दहा पुऱ्या, मग झोप. नुसता आंबा १०० ग्रॅमला ६० कॅलरी, सफरचंदापेक्षा थोडासाच जास्त. आमच्याकडे आता रस बिनसाखरेचा, एक वाटी, पोळीबरोबर, आणि त्या दिवशी भात नाही. आई पहिल्या उन्हाळ्यात म्हणाली की पुरीशिवाय रस म्हणजे सुतकातलं जेवण, दुसऱ्या उन्हाळ्यात स्वतःच म्हणाली पोळ्याच कर गं, पुऱ्या जड होतात.

उपवास हा आपल्या लोकांचा वेगळाच विषय, एकादशी दुप्पट खाशी ते काही उगीच म्हणत नाहीत. साबुदाण्याची खिचडी, वर फराळी मिक्स्चर, बटाट्याचा चिवडा, आणि ‘शिवाय थोडी फळं’. उपवासाला फळं मुख्य करा, सोबत दही किंवा ताक, मूठभर शेंगदाणे, आणि खिचडी हवीच तर वाटीभर. खजूर आणि मनुके फळंच आहेत, पण वाळलेली, पाणी उडालं की साखर एकवटते, १०० ग्रॅमला तीनशेच्या जवळ. दोन खजूर ठीक, डबा समोर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत.

रात्री फळ खाल्लं की चरबी होते, असं मला निदान दहा जणांनी सांगितलंय. घड्याळ बघून चरबी होत नाही, दिवसभराची बेरीज बघून होते. फक्त भरल्या पोटी वरून बाउलभर खाऊ नका. शुगर असलेल्यांनी मात्र एकावेळी थोडं, आंबा-चिकू-द्राक्षं आपल्या डॉक्टरला विचारून, आणि किडनीचा त्रास असेल तर केळं-संत्र्यातलं पोटॅशियम चालेल की नाही ते आधी विचाराच.

घेण्याबद्दल एकच, चोइथराम मंडीत, म्हणजे इथल्या फळांच्या घाऊक बाजारात, स्वस्त मिळतं म्हणून एकट्यासाठी अख्खी पेटी आणू नका. मी संत्र्यांची आणली होती, आगर-माळव्याची, मस्त रसरशीत, आणि मग खराब होतील म्हणून दिवसाला आठ-आठ संपवली. आता आम्ही बिल्डिंगमधली चार घरं मिळून एक पेटी आणतो आणि खाली पार्किंगमध्येच वाटून घेतो. घरी आल्यावर धुऊन, पुसून, फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरच्या कप्प्यात, आणि शेवेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे माझा हात स्टूल घेतल्याशिवाय पोचत नाही. स्टूल बायकोने बाल्कनीत ठेवलंय.